'ध्यास'मधला 'स' कुठून आला?

'ध्यास' हा शब्द आपण किती सहज वापरतो. कुणाला गाण्याचा ध्यास लागतो, कुणी एखादं अवघड गणित सोडवायचा ध्यास घेतो. ऐकणाऱ्यालाही लगेच कळतं की हा माणूस उठता-बसता त्या एकाच गोष्टीच्या विचारात आहे. पण या शब्दाची फोड करायला बसलं की एक अक्षर हातात उरतं आणि ते कुठे ठेवावं हे कळेनासं होतं.

ध्यान, ध्याता, ध्येय हे सगळे शब्द 'ध्यै' या संस्कृत धातूपासून आले. धातू म्हणजे क्रियेचं मूळ बीज, ज्याला वेगवेगळे प्रत्यय लागून शब्द तयार होतात. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, या धातूचा अर्थ 'ध्यै चिन्तायाम्' असा एका शब्दात दिला आहे: चिंतन करणे. प्रत्यय लागताना 'ध्यै'चं 'ध्या' होतं. 'ध्यान'मधला 'न' प्रत्ययाचा, 'ध्याता'मधला 'ता' प्रत्ययाचा, 'ध्येय'मधला 'य'ही प्रत्ययाचाच. मग 'ध्यास'मधला 'स' कशाचा? 'ध्यै'ला असा नुसता 'स' जोडून नाम करण्याची रीत संस्कृतात नाही, आणि 'ध्यास' हा सुटा शब्दही तिथे रुळलेला नाही. तो मराठीचा आहे.

मी हा शब्द अनेक वर्षं वापरत होतो आणि हा प्रश्न कधी पडला नव्हता. पडल्यावर मात्र त्या 'स'चा माग काढत गेलो, आणि खोल विचार म्हणजे नेमकं काय याचं एक फार सुंदर उत्तर त्या मागावर मिळालं.

ध्यास हा एका लांब शब्दाचा शेवटचा तुकडा आहे. तो शब्द म्हणजे 'निदिध्यास', किंवा अधिक परिचित रूपात 'निदिध्यासन'. कीर्तन-प्रवचनात 'श्रवण, मनन, निदिध्यासन' अशी तिहेरी जोडणी कानावर पडते. त्यातला पहिला शब्द सोपा, दुसरा ओळखीचा, आणि तिसरा अडखळायला लावणारा. 'ध्यान' असा सुटसुटीत शब्द हाताशी असताना इतका लांब शब्द कशाला घडवला? याचं उत्तर संस्कृत व्याकरणातल्या एका खास सोयीत आहे, आणि ती सोय आपण रोज वापरतो, फक्त ओळखत नाही.

'जिज्ञासा' हा शब्द घ्या. 'ज्ञा' म्हणजे जाणणे. 'जिज्ञासा' म्हणजे जाणण्याची इच्छा. 'पा' म्हणजे पिणे, 'पिपासा' म्हणजे पिण्याची इच्छा, तहान. 'मुच्' म्हणजे सुटणे, 'मुमुक्षा' म्हणजे सुटण्याची इच्छा. 'युध्' म्हणजे लढणे, आणि महाभारतातला धृतराष्ट्राचा मुलगा 'युयुत्सु' म्हणजे लढू इच्छिणारा. या सगळ्या शब्दांत दोन गोष्टी सारख्या दिसतात. एक, धातूचा पहिला भाग दोनदा येतो: जि-ज्ञा, पि-पा, मु-मुच्, यु-युध्. दोन, शेवटाकडे एक 'स' येतो, जो कधी शेजारच्या वर्णामुळे 'ष' होतो आणि 'मुमुक्षा'सारख्या शब्दात 'क्ष'मध्ये मिसळून जातो. हा 'स' म्हणजे इच्छेचा प्रत्यय. पाणिनीने त्याला 'सन्' असं नाव दिलं आणि अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच सूत्रात सांगून टाकलं की तो इच्छेच्या अर्थी लागतो. एखादी क्रिया करणारा जो असतो त्यालाच ती करायची इच्छा असेल, तर धातूला 'सन्' लावावा. इच्छा दुसऱ्याची आणि क्रिया आपली, असं चालत नाही. ही अट लक्षात ठेवा, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

मराठीत हे इच्छेचे शब्द इतके मुरले आहेत की त्यांतली इच्छा आता दिसत नाही. 'शुश्रूषा' म्हटलं की आपल्याला आजाऱ्याची सेवा आठवते. मूळ धातू 'श्रु', ऐकणे. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. ज्याला गुरूचं ऐकायचं आहे तो जवळ राहतो, जवळ राहणारा पडेल ते काम करतो, आणि हळूहळू त्या ऐकण्याच्या इच्छेचंच नाव सेवेला मिळालं. आजाऱ्याजवळ बसून त्याला काय हवं-नको ते ऐकणारा माणूस खरंच शुश्रूषा करत असतो, मूळ अर्थानेसुद्धा. 'विवक्षित' हा शब्द तर आपण 'ठरावीक' या अर्थी वापरतो. त्यात 'वच्', म्हणजे बोलणे, हा धातू दडला आहे: जे बोलण्याची इच्छा आहे ते विवक्षित. 'मीमांसा'ही याच घराण्यातली. तिचं नातं विचार करण्याशी आहे, 'मन'शी आहे. नीट, कसून विचार करू पाहणं म्हणजे मीमांसा.

आता 'ध्या'ला हाच साचा लावून पाहू. पहिला भाग दोनदा, मधे 'इ', शेवटी 'स'. म्हणजे 'धिध्यास' व्हायला हवं. पण होतं 'दिध्यास'. कारण 'ध' हा श्वासाचा जोर लावून म्हणायचा वर्ण आहे, महाप्राण, आणि असे दोन वर्ण इतके जवळ आले की संस्कृतात त्यांतला पहिला आपला जोर सोडून देतो. 'धा' या धातूचं रूप 'दधाति' होतं, 'धधाति' नव्हे. 'भू'चं 'बभूव' होतं, 'भी'चं 'बिभेति'. पाणिनीने यासाठी आठव्या अध्यायात नियम दिला आहे. युरोपात 1863 मध्ये हेर्मान ग्रासमन या जर्मन गणितज्ञाने संस्कृत आणि प्राचीन ग्रीक या दोन्ही भाषांत हीच सवय दिसते हे दाखवलं, आणि भाषाशास्त्रात तो नियम आजही ग्रासमनच्या नावाने ओळखला जातो. ज्याने गणितात मोठं काम केलं त्याच माणसाने ऋग्वेदाचा कोशही केला, हे आठवलं की मला नेहमी आदर वाटतो.

म्हणून 'दिध्यास'. याच्या आधी 'नि' हा उपसर्ग लागला की 'निदिध्यास', आणि क्रियेचं नाम करणारा 'अन' लागला की 'निदिध्यासन'.

इथे थोडं थांबून हा शब्द उलगडून पसरून पाहावा असा आहे. मधलं 'ध्या' म्हणजे चिंतन. शेवटचा 'स' म्हणजे इच्छा. आणि तो 'दि' म्हणजे पुनरुक्ती, तेच अक्षर पुन्हा. या पुन्हा आलेल्या अक्षराला पाणिनीने नाव काय दिलं आहे? 'अभ्यास'. सूत्रच आहे: 'पूर्वोऽभ्यासः', म्हणजे दोनदा आलेल्यांपैकी पहिल्याला अभ्यास म्हणावं. आपण पुस्तक उघडून करतो तो अभ्यास आणि हा अभ्यास एकच शब्द आहे. मूळ अर्थ पुन्हा पुन्हा करणं. निदिध्यासनात चिंतन आहे, ते पुन्हा पुन्हा होणं आहे, आणि ते व्हावं अशी ओढ आहे. त्या अक्षराची पुनरुक्ती व्याकरणाच्या गरजेने आली, ध्यानाची पुनरुक्ती दाखवायला नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी शब्दाच्या आकारात त्याचा अर्थ असा उमटलेला दिसावा याचं समाधान मोठं आहे.

राहिला 'नि'. तो कशासाठी, हे समजायला हा शब्द जिथे ठळकपणे भेटतो तिथे जावं लागेल.

बृहदारण्यक उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात याज्ञवल्क्य आपली पत्नी मैत्रेयी हिला सांगतो की मी आता घर सोडून निघणार आहे, तेव्हा तुझी आणि कात्यायनीची वाटणी करून देतो. मैत्रेयी विचारते, धनाने भरलेली सगळी पृथ्वी जरी माझी झाली तरी मी त्याने अमर होईन का? याज्ञवल्क्य म्हणतो, नाही. साधनसंपत्ती असलेल्यांचं जसं जगणं असतं तसं तुझं होईल, धनाने अमृतत्वाची आशा नाही. त्यावर ती म्हणते, 'येनाहं नामृता स्यां किमहं तेन कुर्याम्', ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन मी काय करू? मग तो म्हणतो, तू मला प्रिय होतीसच, आता प्रिय असंच बोललीस. ये, बस, तुला समजावून सांगतो. आणि पुढचे शब्द आपल्या कामाचे आहेत: 'व्याचक्षाणस्य तु मे निदिध्यासस्व'. मी सांगत असताना तू निदिध्यासन कर.

किती विलक्षण सूचना आहे ही. अजून त्याने काहीही सांगितलेलं नाही. 'सांगून झाल्यावर त्यावर चिंतन कर' असं तो म्हणत नाही. मी सांगत असतानाच, असं म्हणतो. शंकराचार्यांनी या ठिकाणी भाष्यात जो अर्थ दिला आहे त्यात आपल्या शब्दाचे सगळे भाग सुटे होऊन समोर येतात: 'निश्चयेन ध्यातुमिच्छ', निश्चयाने ध्यान करण्याची इच्छा धर. 'नि' म्हणजे निश्चयाने. 'ध्या' म्हणजे ध्यान करणे. 'स' म्हणजे इच्छा. ज्या 'स'च्या शोधात आपण निघालो तो इथे उघडपणे इच्छा म्हणून उभा आहे.

आणि पाणिनीची ती अट इथे लागू पडते. इच्छा करणारा आणि क्रिया करणारा एकच हवा. याज्ञवल्क्याला कितीही वाटलं तरी तो मैत्रेयीच्या वतीने निदिध्यासन करू शकत नाही. तो समजावून सांगू शकतो, दाखले देऊ शकतो, आणि तसे त्याने एकामागून एक दिलेही आहेत: वाजणारा दुंदुभी, शंख, वीणा, पाण्यात विरघळलेला मिठाचा खडा. ते ध्यानात उतरवण्याची ओढ मात्र तिचीच असावी लागते. तिच्या प्रश्नावरूनच त्याला ती ओढ दिसली असणार, म्हणून तर तो बसवून सांगायला तयार झाला.

पुढे थोड्याच अंतरावर ते प्रसिद्ध वाक्य येतं: 'आत्मा वा अरे द्रष्टव्यः श्रोतव्यो मन्तव्यो निदिध्यासितव्यः'. आत्मा पाहावा, ऐकावा, मनन करावा, निदिध्यासावा. हा संवाद याच उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात पुन्हा आला आहे. या वाक्यातूनच श्रवण, मनन, निदिध्यासन ही तीन पायऱ्यांची मांडणी वेदान्तात रूढ झाली.

तिन्ही पायऱ्यांचं काम वेगवेगळं आहे, आणि ते समजायला वेदान्ती असण्याची गरज नाही. पृथ्वी फिरते हे आपण लहानपणी ऐकतो. ते श्रवण. पुढे शंका येतात: फिरते तर आपण पडत कसे नाही, वारा सतत एकाच दिशेने का वाहत नाही, उडी मारली तर मागे का राहत नाही? उत्तरं शोधून, वाद घालून एकेक शंका फिटते. ते मनन. आता ऐकणंही झालं आणि शंकाही उरली नाही. तरीसुद्धा संध्याकाळी क्षितिजाकडे पाहताना डोळे काय सांगतात? सूर्य खाली जातो आहे. बुद्धीला पटलेलं असतं आणि डोळ्यांना पटलेलं नसतं. अशा वेळी क्षितिजाकडे बघत स्वतःला आठवण देत राहावं की सूर्य जागच्या जागी आहे, ही जमीनच माझ्यासकट मागे कलते आहे. आणि असं कित्येक संध्याकाळी करत राहावं, तर एखाद्या दिवशी खरंच पायाखालचा गोल फिरताना जाणवतो. ज्याने हे केलं आहे त्याला ती क्षणभराची गरगर माहीत असेल. हे निदिध्यासन.

वेदान्ताचे आचार्य हेच आपल्या परिभाषेत सांगतात. मनन शंका घालवतं. पण शंका गेल्यावरही जुनी उलटी सवय उरते, तिला ते 'विपरीतभावना' म्हणतात. ती तर्काने जात नाही, कारण ती तर्काने आलेलीच नसते. तिच्यासाठी निदिध्यासन. चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांनी पंचदशीत याची व्याख्या केली आहे: श्रवण-मननाने ज्याविषयी शंका उरली नाही अशा अर्थावर ठेवलेल्या चित्ताचं एकतानत्व म्हणजे निदिध्यासन. 'शंका उरली नाही' ही अट मला फार महत्त्वाची वाटते. पटलेलं नसताना डोळे मिटून तेच घोकत बसणं याला कुणी निदिध्यासन म्हणू नये म्हणून ती घातलेली आहे. प्रश्न विचारायचा टप्पा ओलांडल्याशिवाय इथे यायचं नाही.

योगसूत्रांतलं ध्यान आणि हे निदिध्यासन यांतला फरकही इथेच कळतो. पतंजली म्हणतात, 'तत्र प्रत्ययैकतानता ध्यानम्', एका जागी बांधलेल्या चित्तात एकाच प्रत्ययाचा, म्हणजे इथे एकाच जाणिवेचा, अखंड ओघ म्हणजे ध्यान. ते नाभीवर, नासाग्रावर, कुठेही होऊ शकतं. निदिध्यासन मात्र समजलेल्या अर्थावरच होतं. त्याच्या मागे ऐकणं आणि विचारणं असतं.

तिघांत मुख्य कोण यावरून वेदान्त्यांमध्ये मोठा वाद झाला. एका परंपरेने, विवरण नावाच्या ग्रंथावरून जिचं नाव पडलं तिने, श्रवणाला मुख्य मानलं आणि बाकी दोघांना त्याचे मदतनीस. वाचस्पती मिश्रांच्या भामती टीकेवरून ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या परंपरेने निदिध्यासनाला वरचं स्थान दिलं, कारण त्याने तयार झालेलं मनच सत्य प्रत्यक्ष पाहू शकतं असं त्यांचं म्हणणं. सगळ्या वादात शिरायची इथे गरज नाही. पण शंकराचार्यांचे शिष्य सुरेश्वराचार्य यांनी टिपलेली एक बारीक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. उपनिषदात 'द्रष्टव्यः, श्रोतव्यः, मन्तव्यः, निदिध्यासितव्यः' म्हटल्यावर लगेच पुढच्या वाक्यात तीच यादी पुन्हा येते: दर्शनाने, श्रवणाने, मतीने, विज्ञानाने. पहिले तीन शब्द तेच, आणि निदिध्यासनाच्या जागी 'विज्ञान'. सुरेश्वराचार्यांनी यावरून म्हटलं की इथे निदिध्यासन म्हणजे खटपटीने केलेलं ध्यान घेऊ नये; इथे त्याचा अर्थ 'अपरायत्त बोध'. परायत्त म्हणजे दुसऱ्यावर अवलंबून. अपरायत्त म्हणजे दुसऱ्यावर अवलंबून नसलेला, आपला स्वतःचा.

हा 'आपला स्वतःचा' लक्षात असू द्या. तोवर खोल विचाराच्या इतर शब्दांकडे एक नजर टाकू.

'चिंतन' आणि 'चिंता' ही सख्खी भावंडं. दोघांचा धातू एकच, आणि जुन्या संस्कृतात चिंता म्हणजेही नुसता विचार. धातुपाठातलं 'चिन्तायाम्' हे त्याच अर्थी आहे. मनात आणलेलं देणारा तो 'चिंतामणी', काळजी देणारा नव्हे. पुढे एकाला शांत विचार मिळाला आणि दुसरीच्या वाट्याला काळजी आली. चिता आणि चिंता यांत फक्त एका अनुस्वाराचा फरक, एक मेलेल्याला जाळते आणि दुसरी जित्याला, असं सांगणारा श्लोक बहुतेकांनी ऐकलेला असतो. 'विचार'मध्ये 'चर्' आहे, म्हणजे फिरणे, हिंडणे. विषयाच्या अवतीभवती सगळीकडून हिंडून येणं म्हणजे विचार. मराठीने मात्र यात एक आपली भर घातली: आपण 'विचार करणे' म्हणतो तेव्हा मनाशी बोलतो, आणि 'विचारणे' म्हणतो तेव्हा दुसऱ्याला प्रश्न करतो. हिंदीत 'विचारना' म्हणजे विचार करणंच राहिलं. 'ऊहापोह'ची फोड सोपी आहे: ऊह म्हणजे तर्काने मांडणं, अपोह म्हणजे तर्काने काढून टाकणं. आणि 'मनन'चा धातू 'मन्', ज्यातून मन, मत, मती, मंत्र आले. लॅटिनमधला 'मेन्स' आणि इंग्रजीतला 'माइंड' हे त्याचे दूरचे नातेवाईक. 'मंतव्य' हा शब्द उपनिषदातल्या त्या वाक्यात 'मनन करण्याजोगा' असा होता, आपल्याकडे तो 'माझं म्हणणं' या अर्थी येऊन ठेपला.

ध्यै धातूची वाटचाल याहून लांबची आहे. संस्कृतातला 'ध्य' प्राकृतात आणि पालीत 'झ' किंवा 'ज्झ' झाला. हा बदल मराठीच्या अंगात भिनलेला आहे: वंध्या म्हणून वांझ, संध्या म्हणून सांज, आणि 'मध्य'वरून घराच्या मधल्या भागाला माजघर. याच नियमाने 'ध्यान'चं पालीत 'झान' झालं. बौद्ध भिक्षू हा शब्द घेऊन चीनमध्ये गेले, तिथे तो 'चान' झाला, कोरियात 'सॉन', व्हिएतनाममध्ये 'थिएन' आणि जपानात 'झेन'. म्हणजे झेन आणि माजघर यांतला 'झ' आणि 'ज' एकाच ध्वनिबदलाची लेकरं आहेत.

मराठीत 'ध्यान' तत्सम रूपातच राहिलं, पण अर्थ पसरत गेला. ध्यानात ठेवणे म्हणजे लक्षात ठेवणे. ध्यानासाठी देवाचं जे रूप मनापुढे आणायचं त्या रूपालाही ध्यान म्हणू लागले. तुकोबांच्या 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी' मध्ये ध्यान म्हणजे ते उभं असलेलं रूप. आणि 'ध्यानीमनी नसताना' या रोजच्या शब्दप्रयोगात ध्यै आणि मन् हे दोन्ही धातू शेजारी शेजारी बसलेले आहेत, निदिध्यासन आणि मनन यांची जणू घरगुती जोडी. 'ध्येय'चंही असंच. ज्याचं ध्यान करायचं ते ध्येय. आज आपण त्याला गाठायचं ठिकाण समजतो, मुळात ते मनापुढे धरून ठेवायचं काहीतरी होतं.

आता परत 'ध्यास'कडे. 'निदिध्यास' या लांब शब्दाचं पुढचं अर्धं, 'निदि', मराठी बोलण्यात गळून गेलं आणि मागे 'ध्यास' उरला, त्या 'स'सकट. मला दुसरं कुठलंही स्पष्टीकरण इतकं नीट बसताना दिसत नाही. शेजारी एक दाखलाही आहे. 'पिपासा'चं प्राकृतात 'पिवासा' झालं आणि पुढे हिंदीत 'प्यास'. प्यासमधला 'स' आणि ध्यासमधला 'स' हा एकच इच्छेचा प्रत्यय. शब्द झिजले, दोनदा आलेली अक्षरं ओळखू येईनाशी झाली, इच्छा मात्र टिकली.

ती टिकल्याची खूण मराठी वाक्यरचनेत दिसते. आपल्याला भूक लागते, तहान लागते, ओढ लागते. आणि ध्यास लागतो. चिंतन लागत नाही, मनन लागत नाही, विचार लागत नाही. ते आपण करतो. ध्यास आपण करत नाही. तो लागतो किंवा फार तर आपण तो घेतो. व्याकरण न शिकलेल्या माणसांनी शेकडो वर्षं हा शब्द बोलताना त्याला बरोबर भूक-तहानेच्या पंक्तीला बसवलं. पिपासा आणि निदिध्यास संस्कृतात एकाच साच्यातून निघाले होते. मराठीत तहान आणि ध्यास एकाच क्रियापदाला जोडले गेले. कुणी ठरवून केलेलं नाही हे.

तरीही ध्यास म्हणजे निव्वळ इच्छा नव्हे. 'हौस' आहे असं म्हटलं तर त्या माणसाने त्या गोष्टीचा किती विचार केला आहे हे कळत नाही. 'नाद' आणि 'वेड' यांत तर विचार बाजूला पडल्याचीच सूचना असते. ध्यास लागलेला माणूस मात्र विचार करत असतो. त्याच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा, वेगळ्या बाजूने, जेवताना आणि झोपेतसुद्धा वळत असतो. ध्यै अजून शब्दात जिवंत आहे. इच्छा आणि चिंतन या दोन गोष्टी आपण सहसा वेगळ्या खणांत ठेवतो: विचार थंड डोक्याने करावा, इच्छेने तो बिघडतो, असं मानतो. हा शब्द तसं मानत नाही. खोल विचाराच्या बुडाशी ओढ असते, आणि ती नसेल तर विचार मनन होईल, ध्यास होणार नाही.

शेवटी त्या शब्दाच्या आणखी एका मराठी रूपाबद्दल. जुन्या मराठी परमार्थग्रंथांत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात 'निदिध्यास'ऐवजी 'निजध्यास' ऐकू येतो. 'त्याने त्या विठ्ठलाचा निजध्यासच घेतला आहे.' संस्कृत येणारे हे रूप अशुद्ध मानतात, आणि नियमाने पाहिलं तर 'दि'चा 'ज' होण्याचं काही कारण नाही. लोकांना 'निदि' कळेना, म्हणून त्यांनी तिथे ओळखीचा शब्द बसवला: 'निज', म्हणजे आपला, स्वतःचा. अनोळखी शब्दाला ओळखीचा पोशाख घालणं ही भाषेची जुनी रीत आहे. पण सुरेश्वराचार्यांनी निदिध्यासनाचा जो अर्थ लावला होता तो 'अपरायत्त बोध' होता, दुसऱ्यावर अवलंबून नसलेला. ज्यांनी सुरेश्वराचार्यांचं ते लेखन कधी पाहिलं नाही अशा माणसांनी चुकीच्या वाटेने जाऊन शब्दात नेमकं तेच घातलं. आणि याज्ञवल्क्यानेही मैत्रेयीला तेच सांगितलं होतं: सांगायचं काम माझं, निदिध्यासस्व हे तुझं.